नवा पार्ट बसवला आणि पीसी चालूच होईना: दोष कुठे आणि कसा शोधायचा

रॅम वाढवली, ग्राफिक कार्ड टाकलं, प्रोसेसर बदलला किंवा नुसता एसएसडी जोडला, झाकण लावलं, बटण दाबलं आणि स्क्रीन काळीच राहिली. अशा वेळी पहिला विचार येतो तो "बोर्ड (मदरबोर्ड) उडाला" हाच. बोर्ड उडतात, नाही असं नाही. पण काल रात्रीपर्यंत चालणारा पीसी आज आपण उघडल्यावर बंद पडला असेल, तर दोष बहुधा आपला हात जिथे लागला तिथेच असतो. अर्धवट बसलेली रॅम, जोडायची राहिलेली केबल, नव्या प्रोसेसरला न ओळखणारा बायोस (पीसी सुरू करणारं, बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर), बदललेला बूट क्रम (आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते). यातलं बहुतेक घरीच आणि बिनखर्चात दुरुस्त होतं, म्हणून नवा बोर्ड मागवण्याआधी एक संध्याकाळ शांतपणे या कामाला द्या.

एक शिस्त मात्र पाळाच. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर बटण दाबून पाहायचं. रॅम काढून लावली, बोर्डावरचा सेल काढला, केबल बदलली आणि मग पीसी चालू झाला, तर तो कशाने चालू झाला ते कळत नाही. आठ दिवसांनी तोच त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेजारी कागद ठेवा आणि काय केलं, काय झालं ते लिहीत जा.

पीसी नेमका कुठे अडतोय?

"चालू होत नाही" या एका वाक्यात चार वेगळे प्रकार येतात, आणि प्रत्येकाचा शोध वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो.

१. बटण दाबल्यावर काहीच होत नाही. पंखा हलत नाही, दिवा लागत नाही.
२. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. किंवा दोन सेकंद चालू होऊन बंद पडतो, परत चालू होतो.
३. कंपनीचा लोगो दिसतो, बायोसमध्ये जाता येतं, पण विंडोज येत नाही.
४. विंडोज येतं, पण थोड्या वेळाने किंवा गेम लावल्यावर पीसी बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो.

पहिल्या प्रकारात वीज आणि जोडण्या पाहायच्या. दुसऱ्यात रॅम, प्रोसेसर, ग्राफिक कार्ड आणि बायोस. तिसऱ्यात डिस्क आणि बायोसची सेटिंग. चौथ्यात बहुतेक वेळा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), उष्णता किंवा रॅमचा वेग. बायोस दिसत असेल तर प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्लेची मूळ साखळी चालते आहे, त्यामुळे विंडोज येत नाही म्हणून प्रोसेसर काढून बसवण्यात काहीच अर्थ नाही. बरेच लोक नेमकं हेच करतात आणि धडधाकट पीसीत नवा बिघाड करून ठेवतात.

हात घालण्याआधी

भिंतीवरचं बटण बंद करा, एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करा, पॉवर केबल काढा आणि मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. बोर्डावर उरलेला चार्ज त्याने निघून जातो. काम करताना मधूनमधून कॅबिनेटच्या बिनरंगाच्या पत्र्याला हात लावत राहा. गालिच्यावर किंवा सिंथेटिक चादरीवर बसून हे काम करू नका. एसएमपीएसचा डबा कोणत्याही कारणासाठी उघडायचा नाही; केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा धोकादायक दाब राहू शकतो.

पीसी चालू असताना कॅबिनेटला हात लावल्यावर हाताला झिणझिण्या येत असतील, तर घराचं अर्थिंग नीट नाही असं समजा. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसरी तार कुठेच गेलेली नसते. नवे पार्ट लावण्याआधी वायरमनला बोलावून ते तपासून घ्या. चांगल्या हार्डवेअरचं आयुष्य त्यावर अवलंबून असतं, आणि तुमची सुरक्षितताही.

पहिली चाचणी: जुनं होतं तसं करा

नवा पार्ट काढा, जुना परत बसवा आणि बटण दाबा. कंटाळवाणं काम आहे म्हणून ही पायरी टाळली जाते, पण इतकी माहिती दुसरी कोणतीच चाचणी देत नाही. जुन्या पार्टवर पीसी चालला, तर नवा पार्ट खराब आहे किंवा त्याचं तुमच्या बोर्डाशी, बायोसशी किंवा एसएमपीएसशी जमत नाही. जुन्या पार्टवरही चालला नाही, तर नव्या पार्टचा विचार तूर्त सोडून द्या. काम करताना काहीतरी निसटलंय, वाकलंय किंवा शॉर्ट होतंय. ग्राफिक कार्ड बसवताना कोपर लागून रॅमची कड उचलली जाणं किंवा साटाची, म्हणजे डिस्क जोडायची, केबल ढिली होणं हे अगदी नेहमीचं आहे.

बटण दाबल्यावर काहीच होत नाही

बोर्डावर एखादा छोटा दिवा लागलेला दिसतोय का ते पाहा. बऱ्याच बोर्डांवर पीसी बंद असतानाही पाच व्होल्टच्या स्टँडबाय पुरवठ्यावर एक दिवा चालू असतो. तो असेल तर एसएमपीएसपर्यंत वीज पोचते आहे. नसेल तर भिंतीचं सॉकेट, पॉवर केबल, यूपीएस आणि एसएमपीएसच्या मागचा स्विच याच क्रमाने पाहा.

मग २४ पिनांचा मोठा कनेक्टर. तो वरवर बसलेला वाटतो, पण कुलपी, म्हणजे कडेची खिटी, अडकलेली नसते. बोर्डाला खालून हाताचा आधार देऊन टक् आवाज येईपर्यंत दाबा. त्यानंतर कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक वायरी. बोर्डच्या खालच्या कडेला पिनांचा एक गठ्ठा असतो, त्यात पॉवर स्विचच्या दोन पिना कोणत्या ते माहितीपुस्तिकेत पाहा आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करा. पीसी चालू झाला तर बटण किंवा त्याची वायर चुकीच्या जागी आहे, बाकी काही नाही. बोर्ड बदलल्यावर हे फार वेळा घडतं, कारण प्रत्येक कंपनीची पिनांची मांडणी थोडी वेगळी असते.

एसएमपीएस स्वतः जिवंत आहे का हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे त्याच्या सगळ्या केबली बोर्डापासून सोडवून, २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार आणि शेजारची कुठलीही काळी तार पेपरक्लिपने जोडणं. वीज बंद असताना क्लिप घालायची, हात बाजूला घ्यायचा आणि मगच स्विच चालू करायचा. सगळ्याच तारा काळ्या असतील, तर अंदाजाने पिना मोजू नका. दुकानात टेस्टरवर लगेच पाहून मिळतं. डेल, एचपी, लेनोवोच्या ऑफिसमधून निघालेल्या अनेक पीसींत कनेक्टरच वेगळे असतात, तिथेही ही चाचणी करायची नाही. आणि पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चालू होतो एवढंच सिद्ध होतं. भार पेलतो की नाही ते यातून कळत नाही.

तुम्ही एसएमपीएसच बदलला असेल तर एक गोष्ट जीव तोडून सांगतो. सुट्या केबलींचा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस असेल तर जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्याला लावू नका. कनेक्टर बसतात, कुलपीही लागते, पण एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी असते. जिथे पाच व्होल्ट हवेत तिथे बारा जातात आणि हार्ड डिस्क, एसएसडी जागीच जळतात. केबली कॅबिनेटमध्ये आधीच ओवलेल्या आहेत म्हणून त्या तशाच ठेवाव्याशा वाटतात. तरी नव्या डब्यातल्या केबलीच ओवा.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

आधी मॉनिटरची केबल पाहा. ग्राफिक कार्ड बसवल्यावर एचडीएमआय केबल कार्डाच्या आडव्या पोर्टांत लावायची असते, बोर्डाच्या मागच्या पोर्टात नाही. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलेलं आहे ना तेही पाहा.

दुसरं, प्रोसेसरची वेगळी पॉवर केबल. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ आठ किंवा चार पिनांची जागा असते. ती राहिली तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि डिस्प्ले मात्र येत नाही. ही केबल दोन चार-पिनी तुकड्यांची असते; ग्राफिक कार्डाची आठ पिनी केबल सहा आणि दोन अशी फुटते. दोन्हींत बारा व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट्या असतात, म्हणून एकीच्या जागी दुसरी जोर लावून घुसवू नका.

आता बोर्डावर कडेला चार बारीक दिवे आहेत का ते शोधा. शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं छापलेलं असतं. चालू होताना दिवे एकेक करून लागतात आणि विझतात. जो लागून राहतो तिथे तपासणी अडली. डीरॅमचा दिवा म्हणजे रॅमच खराब असं नाही. वाकलेली सॉकेट पिन किंवा न जुळणारा बायोसही तोच दिवा पेटता ठेवू शकतो. दिवे नसतील तर बोर्डाला लावायचा छोटा बझर आणा; अगदी स्वस्त मिळतो. बीपांचा अर्थ प्रत्येक बायोसचा वेगळा असतो, म्हणून तो आपल्या बोर्डाच्या माहितीपुस्तिकेतच पाहायचा.

*रॅम.* सगळ्या पट्ट्या काढा आणि एकच पट्टी लावा. चार खाचांच्या बोर्डावर ती प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत. दोन पट्ट्या असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. जवळजवळ सगळे आजचे बोर्ड हेच सांगतात. दोन्ही टोकांना अंगठ्याने समान दाब द्या. काही बोर्डांवर एकाच बाजूला कुलपी असते. दुसरी बाजू बसली असं वाटतं आणि ती अर्धी वर राहिलेली असते. एका पट्टीवर चालत नसेल तर दुसरी पट्टी त्याच खाचेत, मग पहिली पट्टी वेगळ्या खाचेत. पट्टी खराब की खाच खराब, ते या अदलाबदलीतूनच कळतं.

खोडरबराने रॅमचे सोनेरी पाय घासण्याची आपल्याकडची रीत खरोखर उपयोगी पडते, विशेषतः पावसाळ्यात आणि कोकणासारख्या दमट हवेत. पांढरा मऊ खोडरबर घ्या, पट्टी कडेला धरा, हलक्या हाताने दोनचार वेळा फिरवा आणि चुरा कोरड्या कापडाने पुसून टाका. जोर लावू नका, तो मुलामा फार पातळ असतो. बोर्डावरच्या खाचेत मात्र रबर, कापड, पिन काहीही घालायचं नाही. तिथे फक्त हवेचा झोत.

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पट्टीच्या कडेतली मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे सरळ बसतच नाहीत. रॅम बसायला फार जोर लागतोय असं वाटलं तर थांबा आणि आधी पट्टीवरचं लेबल वाचा. रॅम डीडीआर५ असेल, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर, तर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे ती कशी चालवायची ते तपासून ठरवतो. तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते आणि ही अवस्था कित्येक मिनिटं टिकू शकते. दहा-पंधरा मिनिटं बटणाला हात लावू नका. मध्येच बंद केलं तर तेच पहिल्यापासून सुरू होतं आणि माणूस चांगला बोर्ड परत करून येतो.

*प्रोसेसर.* इथे एक प्रकार जवळून पाहू, कारण आपल्याकडे तो घरोघरी घडतो. कुणाकडे बी४५० बोर्ड आणि एएमडीचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर आहे. ग्राफिक कार्ड नाही. प्रोसेसरमधल्याच ग्राफिकवर काम चालतं. तो काढून रायझन ५ ५६०० बसवला. पंखे फिरतात, डिस्प्ले नाही. इथे एकाच वेळी दोन कारणं असू शकतात.

पहिलं कारण बायोसचं. बी४५० बोर्ड २०१८ साली आले, रायझन ५००० मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये. बोर्डावरचा बायोस त्याआधीचा असेल तर त्याला हा प्रोसेसर कोण हेच माहीत नाही. सॉकेट तोच, एएम४, प्रोसेसर नीट बसतो, तरी चालत नाही. उपाय सोपा आहे: जुना प्रोसेसर परत बसवा, कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या बोर्डच्या पानावर प्रोसेसरची यादी पाहा, नव्या प्रोसेसरसमोर लिहिलेला किंवा त्यानंतरचा बायोस टाका आणि मग प्रोसेसर बदला. बोर्डच्या नावातलं एकेक अक्षर आणि आवृत्तीचा आकडा जुळवून पाहा. जवळच्या नावाच्या बोर्डचा बायोस चालत नाही. डाउनलोडच्या पानावरची टीपही वाचा, कारण काही बोर्डांवर नवा बायोस टाकल्यावर जुन्या पिढीचे काही प्रोसेसर चालेनासे होतात. जुना प्रोसेसर विकून टाकला असेल, तर बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का पाहा. त्या सोयीत फॅट३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर फाइलचं नाव पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बदलून ठेवायची, आणि प्रोसेसर नसतानाही बायोस बदलता येतो. इंटेलकडेही हीच गोष्ट: ६०० मालिकेच्या बोर्डावर १३व्या पिढीचा प्रोसेसर चालतो, पण बायोस नवा हवा. बायोस टाकत असताना वीज जाऊ देऊ नका. यूपीएसची बॅटरी भरलेली असू द्या.

दुसरं कारण याहून साधं आणि म्हणूनच निसटणारं. ५६०० मध्ये ग्राफिक नाहीच. २२००जी मधला जी गेला आणि त्याच्यासोबत बोर्डाच्या मागच्या एचडीएमआय पोर्टाचा उपयोगही गेला. आता कार्ड लावल्याशिवाय डिस्प्ले येणं शक्यच नाही. एएम४वर ग्राफिक हवं असेल तर जी असलेलाच प्रोसेसर घ्यायचा, जसा ५६००जी. इंटेलमध्ये आकड्यामागे एफ असेल तर ग्राफिक नाही असं समजायचं. पीसीत काहीही बिघडलेलं नसताना त्यावर आठवडा घालवणारी माणसं आहेत.

एएम४चा कूलर काढताना अजून एक धोका असतो. कूलरखाली लावलेली थर्मल पेस्ट वाळली की प्रोसेसरला धरून ठेवते आणि कूलर उचलला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बाहेर येतो, पिना वाकतात. पीसी चालत असेल तर आधी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर न उचलता डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सैल करा. वाकलेली पिन यांत्रिक पेन्सिलच्या रिकाम्या टोकाने सावकाश सरळ करता येते. इंटेलच्या आणि एएम५च्या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात आणि केसासारख्या बारीक असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढून पाहा, सगळ्या पिनांची चमक एकसारखी दिसायला हवी. वेगळी दिसली तर स्वतः हात न लावता अनुभवी माणसाकडे न्या. तिथे कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेले तरी रॅमचं एक चॅनेल दिसेनासं होऊ शकतं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

*ग्राफिक कार्ड.* ते काढून ठेवा आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक असेल तर बोर्डाच्या पोर्टावर चालवून पाहा. चालला, तर कार्ड किंवा त्याचा वीजपुरवठा. कार्डाच्या सगळ्या पॉवर जागा भरलेल्या हव्यात, अर्ध्या नाहीत. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, सहा पिनांतून ७५, आठ पिनांतून १५०. ऑफिसमधून निघालेल्या लहान कॅबिनेटच्या पीसीत कार्डासाठी केबलच नसते, म्हणून बाजारात साटाच्या कनेक्टरला लावायचे जोड मिळतात. ते वापरू नका. साटाच्या कनेक्टरचा बारा व्होल्टचा पुरवठा जेमतेम ५४ वॅटपर्यंतचा असतो. त्यातून कार्डाचा भार ओढला की प्लास्टिक वितळतं. अशा पीसीत जीटीएक्स १०५० टीआयसारखं, स्लॉटच्या विजेवर चालणारं मॉडेल निवडा. जुनं सेकंड हँड कार्ड घेतलं असेल आणि त्याच्या बायोसला यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) कळत नसेल, तर बोर्डमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीला वाव देणारी सेटिंग) बंद असताना त्यावर डिस्प्ले येत नाही. दुसऱ्या कार्डावर बायोस उघडून सीएसएम चालू केलं तर येतो. पण आधी पुढचा भाग वाचा, कारण त्याचा परिणाम विंडोजवर होतो.

*सीमॉस रीसेट.* म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग पुसणं. इंटरनेटवर हा उपाय सगळ्यात आधी सुचवला जातो. मी तो इतक्या उशिरा सांगतोय त्याला कारण आहे: रीसेट केल्याने बूटची पद्धत, डिस्कची पद्धत, सुरक्षेच्या सेटिंग सगळं मूळ पदावर जातं आणि डिस्प्लेचा प्रश्न सुटला तरी विंडोज न येण्याचा नवा प्रश्न उभा राहू शकतो. तरी प्रोसेसर किंवा रॅम बदलल्यावर, किंवा एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवण्याची सेटिंग) चालू केल्यावर डिस्प्ले गेला असेल तर तो करावाच. वीज काढा, बोर्डावरचा गोल सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, किंवा क्लिअर सीमॉसच्या दोन पिना दहाएक सेकंद जोडून धरा. सेल पाच-सहा वर्षं जुना असेल तर नवाच टाका.

यानंतरही काळी स्क्रीन असेल तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा. पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी, दोन पॉवर केबली आणि लागत असेल तर कार्ड. इथे चालला तर दोष कॅबिनेटमध्ये होता: बहुतेकदा बोर्ड टेकवायचा एखादा पितळी खांब (स्टँडऑफ), जो भोकाखाली न येता भलत्याच जागी मागून बोर्डला टेकून शॉर्ट करत होता, किंवा बोर्डमागे घरंगळलेला स्क्रू.

बायोस दिसतो, विंडोज येत नाही

बायोसमध्ये जाऊन विंडोज असलेली डिस्क दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर केबल, आणि एम डॉट टू एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी पट्टी) नव्याने बसवला असेल तर आणखी एक गोष्ट: बऱ्याच बोर्डांवर एम डॉट टू स्लॉट भरला की साटाचे एक-दोन पोर्ट आपोआप बंद होतात. कोणते, ते पुस्तिकेत दिलेलं असतं. जुनी डिस्क नेमकी त्याच पोर्टावर असेल तर केबल दुसऱ्या पोर्टात लावली की काम झालं. एम डॉट टूमध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. काही स्लॉट एकच प्रकार घेतात.

डिस्क दिसते पण बूट होत नाही, तर बूट क्रमात सगळ्यात वर विंडोज बूट मॅनेजर आणा. लावून ठेवलेले पेन ड्राइव्ह काढा.

हार्ड डिस्क काढून एसएसडीवर आलेल्या पीसीत हमखास सापडणारा प्रकार असा: एसएसडीवर विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्कही जोडलेली होती. विंडोज एसएसडीवर गेलं, पण बूटच्या फाइली असलेलं छोटं पार्टिशन हार्ड डिस्कवरच राहिलं. वर्षभर सगळं नीट चाललं. मग हार्ड डिस्क काढली आणि पीसी म्हणाला, बूट डिव्हाइस नाही. एसएसडीला काही झालेलं नाही. हार्ड डिस्क परत जोडा, पीसी चालू होईल. आधी डेटाची प्रत घ्या आणि मग बूटच्या फाइली एसएसडीवर तयार करून घ्या. विंडोज नव्याने टाकायचंच असेल, तर त्या वेळी एकच डिस्क जोडलेली ठेवा.

बायोसमधली बूटची पद्धत आणि डिस्कची मांडणी जुळायला हवी. जीपीटी आणि एमबीआर ही डिस्कच्या मांडणीच्या नव्या आणि जुन्या पद्धतींची नावं. विंडोज जीपीटी डिस्कवर असेल तर यूईएफआय हवं, एमबीआर डिस्कवर असेल तर लेगसी म्हणजे सीएसएम हवं. सीमॉस रीसेट झाल्यावर किंवा बोर्ड बदलल्यावर हे उलटसुलट होतं. निळ्या स्क्रीनवर इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस असं आलं तर बायोसमध्ये साटाची पद्धत, म्हणजे डिस्क कशी चालवायची ती सेटिंग, पाहा: आधी रेड (आरएआयडी) किंवा इंटेलचं व्हीएमडी चालू होतं आणि आता एएचसीआय झालं, किंवा उलट. पूर्वीसारखं केलं की विंडोज येतं. म्हणूनच पीसी उघडण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

बिटलॉकरबद्दल, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एनक्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीबद्दल, गंभीरपणे सांगायचं आहे. बोर्ड, प्रोसेसर किंवा बायोस बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. मी कधी बिटलॉकर चालू केलंच नाही, असं म्हणून चालत नाही. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच पीसींत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केल्यावर डिस्क आपोआप एनक्रिप्ट होते. की त्या खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या मोबाइलवरून लॉग इन करून मिळवता येते. की नसेल तर डेटा मिळत नाही, कोणत्याही दुकानात नाही. एएमडीचा प्रोसेसर बदलल्यावर काही बोर्डांवर नवा प्रोसेसर आहे, एफटीपीएम (अशा किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) रीसेट करायचं का, असा प्रश्न येतो. वाय दाबलं की जुन्या किल्ल्या पुसल्या जातात. रिकव्हरी की हाताशी नसेल तर एन दाबा, पीसी बंद करा, आधी की शोधा.

विंडोज अर्ध्यावर अडकत असेल तर लागोपाठ दोन-तीनदा सुरू होण्यात अपयश आल्यावर ते स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. तिथून स्टार्टअप रिपेअर आणि सेफ मोड, या क्रमाने जा. नव्या कार्डामुळे अडकलं असेल तर सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर काढून टाकणं पुरतं.

चालतो आणि मध्येच बंद पडतो

मिनिटाभरात बंद पडत असेल तर कूलर. त्याच्या तळाची पारदर्शक पट्टी काढली का, पंखा सीपीयू फॅनच्याच पिनांवर आहे का, ते पाहा.

गेम लावल्यावरच बंद पडत असेल तर एसएमपीएसचं लेबल वाचा. वरचा मोठा आकडा बाजूला ठेवा आणि बारा व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहा. डब्यावर ४५० वॅट आणि रकान्यात १६ अँपिअर असेल, तर प्रोसेसर आणि कार्डाला मिळणारी वीज १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर असे आकडे सहज दिसतात. आणि यूपीएस विसरू नका: ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. कार्ड लावल्यावर तो ओरडून बंद होत असेल तर पीसी थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून पाहा, दोष कुणाचा ते लगेच कळेल.

निळ्या स्क्रीन वेगवेगळ्या नावांनी येत असतील तर रॅम. एक्सएमपी किंवा एक्स्पो (एएमडीवरची तीच सेटिंग) बंद करून मूळ वेगावर चालवा आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवा. एकही चूक दाखवली तर ती रॅम त्या वेगावर विश्वासाची नाही. जुन्या पट्टीत दुसऱ्या कंपनीची नवी पट्टी मिसळली असेल तर आधी त्या वेगवेगळ्या तपासा.

दुकानात किंवा वॉरंटीला नेताना

जुन्या पार्टवर चालला का, कोणता दिवा लागून राहतो, किती पट्ट्या कुठे तपासल्या, बायोसची आवृत्ती कोणती, हे लिहिलेला कागद सोबत द्या. एक पार्ट दुसऱ्या चालत्या पीसीत लावून बघायला मिळाला तर सगळ्यात उत्तम; आपल्या ओळखीत एखादा मित्र नाहीतर गल्लीतला दुकानदार असतोच. सिरियल नंबरचे स्टिकर आणि बिल जपा. इंटेल किंवा एएम५ बोर्ड पाठवत असाल तर सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण बसवा आणि त्याआधी सॉकेटचा स्पष्ट फोटो काढा. झाकणाशिवाय गेलेल्या बोर्डाच्या पिना वाटेत वाकतात, आणि वाकलेल्या पिनांचा बोर्ड वॉरंटीत घेतला जात नाही.